शेक अर्धवट सोडू नका : किरण आपल्या पेशींत काय करतात

(सामुदायिक रेडिओवरील बोलण्याचा मजकूर)

पाचोडहून आम्ही बोलतोय, बचत गटांच्या समन्वयक. मोसंबीच्या मार्केटमधून दमून घरी आलेल्या, चुलीपुढं भाकरी टाकता टाकता ऐकणाऱ्या, लेकराला मांडीवर घेऊन बसलेल्या, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

एरवी आपण इथं बचत, कर्ज, बँकेचे हप्ते, शेळीपालन यावर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. एक्स-रे काढताना जे किरण अंगातून जातात, कॅन्सरच्या दवाखान्यात जे किरण देतात, ते अंगात शिरले की नेमकं काय करतात? कुणी म्हणेल, हा तर डॉक्टरांचा विषय, गटाला त्याचं काय. आम्हालाही आधी तसंच वाटायचं. पण आमच्या एका गटातल्या मावशींचा जीव याच प्रश्नावर अडकला होता. मावशींना विचारूनच आम्ही हे सांगतोय. त्या म्हणाल्या, "नाव नको घेऊ, गाव नको सांगू, बाकी समदं सांग. माझ्यासारखं कुणी मधीच घरी बसू नये."

मावशींची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. मग एकाएकी अंगावरून लाल जायला लागलं. तीन-चार महिने त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लाजच आडवी आली. एके दिवशी गटाच्या बैठकीतच चक्कर आली, तेव्हा समजलं. तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला, आणि निदान आलं : गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात उपचार ठरले. आठवड्यातून पाच दिवस, असे पाच आठवडे, म्हणजे २५ वेळा बाहेरून किरण. सोबत आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. आणि नंतर काही वेळा आतून किरण. आपल्याकडं याला कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट म्हणतं, कुणी रेडिएशन. आपण आज शेकच म्हणू.

अकरा शेक झाले. पोळ्याला मावशी घरी आल्या, त्या परत गेल्याच नाहीत.

का गेल्या नाहीत? जुलाब लागले होते, लघवीला आग होत होती, अंगात त्राण नव्हतं, हे एक कारण. पण खरं कारण घरात आणि गल्लीत होतं. कुणीतरी सांगितलं, "तिच्या अंगात किरणं भरलेत, ते बाहेर पडतात." सून पाच महिन्यांची गरोदर. झालं. मावशींचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, बाज पडवीत. शेजारणी दारातून परत जायला लागल्या. आणि मावशींनाही ते खरं वाटलं. त्या म्हणाल्या, "माझं काय व्हायचं ते होऊ दे, लेकराला काही व्हायला नको."

मैत्रिणींनो, यात आमचीही चूक होती आणि ती लपवून उपयोग नाही. त्या महिन्यात मावशींची बचत त्यांच्या पुतण्याबरोबर आली आणि आम्ही ती मुकाट्यानं लिहून घेतली. मावशींना बैठकीला का बोलावलं नाही, हे कुणी विचारलं नाही. खरं तर बोलावायला नको असंच आमच्या मनात होतं. त्या बैठकीत गटातल्या सगळ्यात लहान मुलीनं सरळ विचारलं, "ताई, ते किरणं अंगात जाऊन करतात तरी काय? खरंच दुसऱ्याला लागतात का?" आम्ही बी.ए. झालेलो, पण आमच्याकडं उत्तर नव्हतं. खरं माहीत नव्हतं आणि तरीही आम्ही एका बाईला पडवीत टाकलं होतं. त्या दिवशी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मावशींच्या घरी गेलो. त्यांना, त्यांच्या मुलाला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कागद पुढं ओढला आणि चित्र काढून समजावलं. नंतर आम्हीही वाचलं, विचारलं. ते सगळं आता आपल्या भाषेत सांगतो.

आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे. घर जसं विटांचं, तसं शरीर पेशींचं. डोळ्यांना दिसणार नाही एवढी पेशी, पण जवळपास प्रत्येक पेशीच्या मध्यभागी एक लांबच लांब धागा गुंडाळून ठेवलेला असतो. त्याला डीएनए म्हणतात. एका पेशीतला सगळा धागा सरळ केला तर साधारण दोन मीटर भरेल, म्हणजे आपल्या उंचीपेक्षा जास्त. पेशीनं काय काम करायचं, कधी वाढायचं, कधी थांबायचं, हे सगळं त्या धाग्यावर लिहिलेलं असतं.

हा धागा दोन पदरी असतो, सुतळीसारखा पिळलेला. त्यावरचा मजकूर फक्त चार अक्षरांचा आहे : ए, टी, जी आणि सी. एका पदरावर ए असेल तर समोरच्या पदरावर टी असतो. जी असेल तर समोर सी. म्हणजे एक पदर पाहून दुसरा लिहून काढता येतो. आपल्या गटात कशी पद्धत असते? गटाच्या वहीत नोंद असते आणि तीच नोंद आपल्या पासबुकातही असते. पासबुक भिजलं तर वही पाहून नवं लिहिता येतं. वहीचं पान फाटलं तर पासबुकावरून दुरुस्त करता येतं. डीएनए ही पेशीची वही आणि पासबुक दोन्ही एकत्र आहे.

ही दोन पदरी रचना १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली. पण त्यांना वाट दाखवली ती रोझालिंड फ्रँकलिन नावाच्या संशोधक बाईच्या प्रयोगशाळेत डीएनएवर एक्स-रे सोडून घेतलेल्या छायाचित्रानं. जे किरण डीएनए तोडतात, त्यांच्याच मदतीनं डीएनएचा आकार कळला. फ्रँकलिनबाई १९५८ मध्ये, अवघ्या ३७व्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरनं गेल्या. १९६२ मध्ये या शोधाला नोबेल मिळालं तेव्हा त्या हयात नव्हत्या.

आता किरणांकडं येऊ. उजेडही किरणच, चुलीची धगही किरणच. पण एक्स-रे आणि गॅमा किरण यांच्यात फार जोर असतो. ते कातडीतून, मांसातून आरपार जातात आणि जाताना वाटेतल्या कणांना धक्का देतात. पेशीत शिरल्यावर ते दोन प्रकारे नुकसान करतात. एक, थेट डीएनएच्या धाग्यावर आदळून तो तोडतात. दुसरा प्रकार पाण्यातून होतो. पेशीत बहुतेक भाग पाणीच असतं. किरण त्या पाण्याचे कण फोडतात. फुटलेल्या पाण्यातून अतिशय तापट असे तुकडे तयार होतात आणि ते शेजारच्या डीएनएला जाऊन चावतात. एक्स-रे आणि गॅमा किरणांचं जास्त नुकसान याच पाण्याच्या वाटेनं होतं.

किती नुकसान होतं? किरणांचं माप ग्रे या एककात मोजतात, जसं दूध लिटरमध्ये. एका पेशीला एक ग्रे मात्रा मिळाली तर धाग्याचा एक पदर साधारण हजार ठिकाणी तुटतो आणि दोन्ही पदर एकदम साधारण ४० ठिकाणी तुटतात. ऐकून धडकी भरते. पण पेशीकडं स्वतःचे गवंडी आणि सुतार आहेत. एकच पदर तुटला असेल तर समोरचा पदर पाहून दुरुस्ती पटकन होते. पासबुक फाटलं, वहीवरून लिहिलं. खरी अडचण दोन्ही पदर एकाच जागी तुटतात तेव्हा येते. वहीही फाटली आणि पासबुकही तिथंच फाटलं. मग जोडणी अवघड होते, चुकीची टोकं एकमेकांना जोडली जातात, मधली अक्षरं गळतात.

यानंतर पेशीपुढं तीन वाटा असतात. पहिली, दुरुस्ती नीट झाली, पेशी पुन्हा कामाला लागली. दुसरी, दुरुस्ती जमलीच नाही, तर पेशी मरते किंवा तिला एकीच्या दोन होता येत नाही. तिसरी, दुरुस्ती चुकीची झाली आणि पेशी ती चूक घेऊन जगली. या तिन्ही वाटा आपल्या महाराष्ट्रातच, आपल्या स्वयंपाकघरात दिसतात. कशा ते सांगतो.

दुसऱ्या वाटेचं उदाहरण कांदा. आपला चाळीतला कांदा पावसाळ्यात कोंब काढतो आणि भाव पडतो, हे आपल्याला सांगायला नको. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' नावाचं केंद्र २००२ पासून आहे. तिथं कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचे गॅमा किरण कांद्यावर सोडतात. साधारण ६० ग्रे मात्रा. कांद्याच्या आत, मधोमध, कोंबाच्या ज्या कोवळ्या पेशी असतात, त्यांचा डीएनए तुटतो. त्या पेशींना एकीच्या दोन होता येत नाही, म्हणून कोंब येत नाही. बाकीचा कांदा कांदाच राहतो. २००७ मध्ये आपला हापूस अमेरिकेला जायला लागला, तोही लासलगावला असे किरण देऊनच. आंब्यात कीड असेल तर ती पुढं वाढू नये म्हणून. आमच्या बैठकीत एकीनं विचारलं, "असा कांदा खाल्ला तर आपल्याला किरणं लागतील का?" नाही. किरण कांद्यातून गेले, काम केलं, संपले. ते कांद्यात साठून राहत नाहीत. आणि ही गोष्ट लक्षात ठेवा, मावशींच्या बाबतीत पुन्हा लागणार आहे.

तिसऱ्या वाटेचं उदाहरण भुईमूग. १९२७ मध्ये अमेरिकेत हर्मन मुलर या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की एक्स-रेमुळं माश्यांच्या डीएनएमधला मजकूर बदलतो आणि तो बदल पुढच्या पिढीतही उतरतो. मग आपल्या ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी भुईमुगाच्या बियांवर किरण सोडले. हजारो रोपांत बहुतेक बदल वाईटच असतात. रोप खुजं राहतं, नाहीतर मरतं. पण एखादं रोप निघतं ज्याचा दाणा मोठा असतो किंवा जे लवकर पिकतं. तेवढं निवडायचं, त्याचा दुसऱ्या वाणाशी संकर करायचा. अशा वाटेनं १९९१ मध्ये टीएजी-२४ हा भुईमुगाचा वाण महाराष्ट्रासाठी आला. उडदाचा टीएयू-१ वाणही असाच, १९८५ चा. आपल्यापैकी किती जणींच्या रानात हे वाण पेरले गेले असतील! शेंगदाण्याची चटणी कुटताना आठवा, या दाण्यामागं कधीकाळी तुटून चुकीचा जोडला गेलेला एक धागा आहे.

पण शेतात हजारातलं एक रोप निवडता येतं, बाकीची उपटून टाकता येतात. माणसाच्या अंगात तसं करता येत नाही. 'थांब' असा हुकूम जिथं लिहिलेला असतो, नेमकी तिथंच चूक झाली तर ती पेशी थांबतच नाही. एकीच्या दोन, दोनाच्या चार, वाढतच जाते. त्यालाच कॅन्सर म्हणतात. त्याला बहुधा अनेक वर्षं लागतात आणि अशा अनेक चुका एकावर एक साचाव्या लागतात. म्हणजे किरणांमुळं कॅन्सर होऊ शकतो, हे खरंच आहे. मग तेच किरण कॅन्सरवर औषध कसे? मावशींच्या मुलानं डॉक्टरांना हेच विचारलं.

उत्तर असं. किरणांचा घाव सगळ्यात जास्त कुणाला बसतो? जी पेशी भराभर वाढते तिला. आपण वही दुसऱ्या वहीत उतरवून काढत असताना जर पानं फाटलेली असतील तर नवी वही बिघडणारच. जी वही कपाटात बंद आहे, तिला दुरुस्तीला वेळ मिळतो. कॅन्सरच्या पेशी सतत वही उतरवत असतात आणि त्यांचे गवंडी-सुतारही धड काम करत नाहीत. म्हणून एकाच माराने आजारी पेशी जास्त मरतात, निरोगी पेशी बऱ्याच सावरतात. यंत्रातून किरण नेमके गाठीवर, वेगवेगळ्या बाजूंनी सोडतात, म्हणजे गाठीला पूर्ण मात्रा मिळते आणि आजूबाजूला कमी.

आता सगळ्यात महत्त्वाचं : रोज थोडं थोडं का? एकदाच का देऊन टाकत नाहीत? सगळ्या अंगाला एकदम चार-पाच ग्रे मात्रा बसली आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं दगावतात, एवढे हे किरण कडक. पण मावशींना २५ वेळा मिळून साधारण ५० ग्रे द्यायचे होते, तेही फक्त कमरेखालच्या ठरलेल्या भागावर. रोज दोन ग्रे. आज शेक दिला, उद्यापर्यंत निरोगी पेशी आपली तुटलेली वही सांधून घेतात. कॅन्सरच्या पेशींना ते पुरतं जमत नाही. उद्या पुन्हा घाव. असं करत करत आजारी पेशी संपत जातात.

म्हणूनच मधे खंड पडला की सगळं फिरतं. कपाशीत निम्मं रान खुरपलं आणि पंधरा दिवस घरी बसलो तर काय होतं? राहिलेलं तण दुप्पट जोमानं वर येतं. राहिलेल्या कॅन्सरच्या पेशी तसंच करतात. या आजारात बाहेरचा आणि आतला मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत संपवायचा असतो. डॉक्टर मावशींना म्हणाल्या, "आई, तुमचे सात शेक बुडलेत. आता शनिवारीही यावं लागेल. पण इथून पुढं एकही दिवस सोडायचा नाही."

मग मावशींनी तोंडातला पदर काढून विचारलं, "बाई, माझ्या अंगातून किरणं बाहेर पडतात का? सुनेच्या पोटात लेकरू आहे."

डॉक्टरांनी टेबलावरचा मोबाईल उचलला, त्याची बॅटरी लावून भिंतीवर उजेड पाडला आणि बंद केला. "आता भिंत उजेड देते का?" मावशी म्हणाल्या, "न्हाई." "तसंच आहे. यंत्र चालू असतं तेवढी दोन-चार मिनिटं किरण असतात. बंद झालं की संपलं. तुमच्या अंगात काहीच राहत नाही. सुनेजवळ बसा, तिच्या हातचं खा, एका ताटात जेवा. तिनं फक्त यंत्राच्या खोलीत यायचं नाही." आतून द्यायच्या शेकाचंही तसंच. या उपचारात किरण देणारा बारीक तुकडा काही मिनिटांसाठी आत ठेवतात आणि परत काढून घेतात. घरी येताना बाई कोरीच येते. फक्त थायरॉइडच्या काही आजारांत किरणोत्सर्गी आयोडीन पोटात देतात, तेव्हा काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून अंतर ठेवायला सांगतात. ते डॉक्टर स्वतःच बजावून सांगतात. बाकीच्यांचं ताट-तांब्या वेगळं करायचं काहीही कारण नाही. आणि कॅन्सर हा शिवल्यानं, एकत्र जेवल्यानं होणारा आजार नाही.

मावशी बाहेर आल्या आणि बाकड्यावर बसून खूप रडल्या. आम्ही समजलो, आजाराच्या भीतीनं रडताहेत. त्या म्हणाल्या, "वीस दिस पडवीत झोपले गं. उगंच."

परत आल्यावर तातडीची बैठक घेतली. चित्र काढून सगळ्यांना सांगितलं. मग पैशाचं निघालं. उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होते, पण जाणं-येणं, खाणं, सोबतीच्या बाईची बुडणारी रोजंदारी याचं काय? पाचोडहून संभाजीनगर ५०-५५ किलोमीटर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे तरी रोजचा खर्च होतोच. पाच हजारांचं अंतर्गत कर्ज द्यायचा प्रस्ताव आला. एक जण स्पष्ट बोलली, "गटाचा पैसा आहे. बाईचं काही बरंवाईट झालं तर फेडणार कोण?" प्रश्न कडू होता, पण चुकीचा नव्हता. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "म्हशीला द्यायला पैसा हाय, बाईला न्हाई व्हय?" ठराव झाला : पाच हजार कर्ज, व्याज नाही, फेड उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी सुरू. आणि रोज एक जण पाळीनं मावशींसोबत जाणार. इतिवृत्तात अकराही जणींच्या सह्या आहेत. पैशाचा प्रश्न विचारणाऱ्या बाईनं पहिली पाळी स्वतः मागून घेतली.

उरलेले चौदा शेक एकही न चुकता झाले, आतलेही झाले. सोपं नव्हतं. जुलाब होतेच, कारण आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशीही भराभर वाढणाऱ्या, त्यांनाही घाव बसतो. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी औषध दिलं, भरपूर पाणी आणि हलकं जेवण घ्यायला सांगितलं. शेकाच्या जागेवरची कातडी काळवंडली. तिथं हळद, तेल, बाम काहीही विचारल्याशिवाय लावायचं नाही, सैल सुती कपडे घालायचे, कातडीवर केलेल्या खुणा पुसायच्या नाहीत, एवढं पाळलं. डोक्याचे केस शेकानं गेले नाहीत, कारण किरण डोक्यावर दिलेच नव्हते.

आता बैठकीत आलेले बाकीचे प्रश्न झटपट घेऊ.

एक्स-रे काढावा की नाही? डॉक्टरांनी सांगितला असेल तर जरूर काढावा. आपल्याला जमिनीतून, आकाशातून, अन्नातून निसर्गतःच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट एवढे किरण मिळतातच. छातीच्या एका एक्स-रेचे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी. एवढं नुकसान पेशी सहज सांधते. पोटाचा सीटी स्कॅन मात्र ८ ते १० मिलिसिव्हर्टच्या घरात जातो. म्हणून 'माझा सीटी काढा' असा हट्ट धरू नका, आणि जुन्या फिल्म व रिपोर्ट जपून ठेवा, म्हणजे तेच पुन्हा काढावं लागत नाही.

गरोदर असताना? पोटातल्या बाळाच्या पेशी सगळ्यात वेगानं वाढत असतात, म्हणून त्यांना धोका जास्त. इंग्लंडमध्ये ॲलिस स्ट्युअर्ट या डॉक्टर बाईंनी १९५६ मध्ये दाखवून दिलं की गरोदरपणी पोटाचे एक्स-रे काढलेल्या आयांच्या मुलांत कॅन्सर जास्त आढळतो. त्या काळी कुणी मानायला तयार नव्हतं, पुढं सगळ्यांनी मानलं. तेव्हा पाळी चुकली असेल तर एक्स-रेच्या खोलीत जायच्या आधी तोंड उघडून सांगा. सासू सोबत आहे, लाज वाटते, असं करू नका. आणि न कळत एखादा हाता-पायाचा किंवा छातीचा एक्स-रे काढला गेला असेल तर घाबरून लेकरू पाडायला जाऊ नका. बाळापर्यंत पोचलेली मात्रा फार थोडी असते. आधी डॉक्टरांशी बोला.

सोनोग्राफीत किरण असतात का? नाही. त्यात आवाजाच्या लहरी असतात. मोबाईलच्या टॉवरचं काय? त्याच्या लहरींत डीएनएचा धागा तोडण्याइतका जोर नसतो. उन्हातल्या अतिनील किरणांत मात्र डीएनए बिघडवायची ताकद असते. ते शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात. म्हणून कापूस वेचताना रुमाल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, ही आपली जुनी पद्धत चांगलीच आहे.

भंगाराचं एक सांगतो, कारण आपल्यातल्या काही जणींच्या घरी तो धंदा आहे. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेलं एक जुनं यंत्र आलं. ते फोडलं गेलं. अनेक जण आजारी पडले, एक माणूस दगावला. त्याच्या डोळ्यांना काही दिसलं नव्हतं, अंगाला चटका लागला नव्हता. तेव्हा पिवळ्या पाटीवर मध्ये ठिपका आणि भोवती तीन पाती असं चिन्ह दिसलं, किंवा आकाराच्या मानानं फार जड असा शिशाचा डबा आला, तर हात लावायचा नाही, फोडायचा नाही, लांब उभं राहून पोलिसांना कळवायचं.

शेवटचं, आणि सगळ्यात आधी करायचं. मावशींनी चार महिने लपवलं नसतं तर बरं झालं असतं. हा कॅन्सर हळू वाढतो आणि लवकर सापडतो. धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं आणि टाटा मेमोरियलनं सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास केला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या गावांत एचपीव्ही या विषाणूची एकदा तपासणी झाली, तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या आपल्यासारख्याच गावच्या बायका होत्या. तेव्हा पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणं, दोन पाळ्यांच्या मधे जाणं, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त जाणं, घाण वासाचं पांढरं जाणं, यातलं काहीही असेल तर आशाताईंना सांगा, दवाखान्यात जा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं त्रास नसला तरी तपासणी करून घ्या.

मावशींना उपचार संपून आता पावणेदोन वर्षं झाली. त्या ठरलेल्या तारखांना तपासणीला जातात. शेवटच्या तपासणीत गाठ दिसली नाही. पुढची तारीख आली की त्यांच्या आणि आमच्याही पोटात गोळा येतो, हे खरं आहे. कर्जाचा शेवटचा हप्ता त्यांनी संक्रांतीला भरला. नात धडधाकट आहे, चालायला लागली आहे, आणि बैठकीत मावशींच्या मांडीवरून उठून थेट वहीवर येऊन बसते.

पडवीतली ती बाज आता अंगणात आहे. त्यावर कुरडया वाळत घालतात.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गावात कुणाचे शेक चालू असतील तर आज संध्याकाळी त्यांच्या घरी जा. त्यांच्या हातचा चहा प्या. आणि उद्याचा शेक चुकणार नाही ना, एवढं विचारून या.

नमस्कार.